निचरा

अल्झायमरवरच्या रिव्हास्टिग्मिन या औषधाचा पॅच कातडीवर लावायची एक रीत असते. कालचा आधी काढायचा, मगच नवा लावायचा. दंड, छाती, पाठ, कुठेही चालतो. पण एकदा वापरलेल्या जागेला दोन आठवडे तरी सुट्टी द्यायची, नाहीतर कातडी लाल होते. आत्याच्या बाबतीत मी पाठच धरते, कारण पुढे लावला की ती नखाने कोपरा उचकटत बसते. पॅचवर पेनाने तारीख लिहायची, तळहाताने थोडा वेळ दाबून धरायचा. तेवढ्यात तिचा प्रश्न येतोच, "काय गं चिकटवतेस?"

"औषध आहे, आत्या."

"कशाचं?"

इथे माझं उत्तर रोज बदलतं. एकदा खरं तेच सांगून टाकलं, "एका विषारी बीच्या खानदानातलं आहे." तेव्हा ती मनापासून हसली होती.

खोटं नव्हतंच ते. आज नायजेरियात असलेल्या कालाबार भागात एफिक लोक एका वेलीची बी न्यायनिवाड्यासाठी वापरत. ज्याच्यावर संशय, त्याला ती बी खायला लावायची. वाचला तर निर्दोष. त्या बीतलं विष, फायसोस्टिग्मिन, १८६४ साली वेगळं काढलं गेलं. १९३५ मध्ये पर्सी ज्युलियन या रसायनशास्त्रज्ञाने ते प्रयोगशाळेत बनवून दाखवलं. पुढे जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात मार्टा वाइनस्टॉक-रोझिन यांनी त्याच धाग्यावरून रिव्हास्टिग्मिन घडवलं. अल्झायमरवरचं गॅलँटामिन हे दुसरं औषध तर थेट स्नोड्रॉप नावाच्या छोट्या पांढऱ्या फुलाच्या कंदातून आलं. सोव्हिएत संघ आणि बल्गेरियात १९५०च्या दशकात त्याच्यावर काम झालं आणि अमेरिकेत अल्झायमरसाठी २००१ साली त्याला मान्यता मिळाली.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी वनस्पतींपासून बनवलेल्या गोळ्यांबद्दल बरंच तिरकस बोलणार आहे आणि कुणाला वाटायला नको की मला झाडापाल्याचंच वावडं आहे. झाडांनी या आजारात दिलंय ते थोडं आहे, पण खरं आहे. मात्र या दोन्ही औषधांची धाव ठरलेली. चेतापेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी असिटिलकोलीन वापरतात, ते मोडणाऱ्या एन्झाइमला ही औषधं अडवतात. उरलेला निरोप जरा जास्त वेळ टिकतो, इतकंच. निरोप धाडणाऱ्या पेशी मरायच्या त्या मरतातच.

आत्याचा मुलगा परदेशी असतो. आईजवळ नसल्याची रुखरुख तो कुरिअरने भागवतो. मागे त्याने एक बाटली पाठवली. लेबलवर हिरवं पान, त्याखाली 'पेशींच्या नैसर्गिक पुनर्वापराला चालना' आणि अगदी बारीक अक्षरात पाच वनस्पतींची नावं. कुठल्या वनस्पतीचा कुठला रेणू किती मिलिग्रॅम, याचा पत्ता नाही. सोबत निरोप होता, "ताई, फायदा नाही झाला तरी वाईट तर नाही ना?"

या प्रश्नाला एका ओळीत उत्तर देता येत होतं आणि ते मी दिलंही: डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गिंको या झाडाच्या अर्कामुळे रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. मिरीतलं पायपेरिन घालून शोषण वाढवलेल्या, हळदीतल्या कर्क्युमिनच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. पण 'पेशींचा पुनर्वापर' हे शब्द काही डोक्यातून जाईनात. कारण ते थापेचे शब्द नाहीत. त्यामागे चांगलं, भक्कम विज्ञान आहे, आणि बाटलीवर छापताना त्यातला नेमका महत्त्वाचा अर्धा भाग गाळलेला आहे.

पेशीच्या आत सतत मोडतोड चालू असते. वाकडी घडी पडलेली प्रथिनं, दमलेली मायटोकाँड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग), असला जुना ऐवज एका दुहेरी पापुद्र्याच्या पिशवीत गुंडाळला जातो. ती पिशवी लायसोसोम नावाच्या दुसऱ्या, आम्लाने भरलेल्या पिशवीला जाऊन मिळते. तिथे एन्झाइम सगळ्याचे तुकडे करतात आणि अमिनो आम्लं पेशीला परत मिळतात. लायसोसोम शास्त्रज्ञ क्रिस्तियान द दुव यांनी १९५५ मध्ये शोधला, आणि या सगळ्या व्यवहाराला 'ऑटोफॅजी' हे नाव १९६३ मध्ये त्यांनीच दिलं. नाव मिळालं, पण पुढची पंचवीसेक वर्षं हे चालतं कसं याची कुणाला फारशी फिकीर नव्हती.

मग आले जपानी जीवशास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी. १९८८ मध्ये टोकियो विद्यापीठात त्यांची स्वतःची छोटी प्रयोगशाळा सुरू झाली. काम यीस्टवर. यीस्टमध्ये लायसोसोमचं काम करणारी एक मोठी पोकळी असते. साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाखालीही ती दिसते, पण ऑटोफॅजी दिसत नाही, कारण आत आलेला माल लगोलग मोडून टाकला जातो. ओसुमींनी काय केलं, तर जिच्यात मोडणारी एन्झाइमच बिघडलेली आहेत अशी यीस्ट घेतली आणि तिला उपाशी ठेवलं. काही तासांत ती पोकळी गोल गोल कणांनी भरली. कण आत नुसते थरथरत, फिरत होते. येणारा माल येत होता, पण मोडत काहीच नव्हतं, म्हणून तो साचला आणि साचला म्हणून दिसला. या निरीक्षणाच्या जोरावर त्यांनी हजारो उत्परिवर्तित यीस्ट चाळून १९९३ मध्ये या कामाला लागणाऱ्या पंधरा जनुकांचा माग लावला. २०१६चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं ते यासाठी.

मी या प्रयोगाशी जरा जास्त रेंगाळले आहे, पण त्याला कारण आहे. ऑटोफॅजी प्रथम नीट दिसली ती तिचा शेवटचा टप्पा बंद पाडल्यामुळे. नुसता साठा बघून 'काम जोरात चाललंय' म्हणता येत नाही, कदाचित ते अडलेलं असेल. अल्झायमरच्या संशोधनात ही गोष्ट पुन्हा पुन्हा आडवी येते.

चेतापेशीला या साफसफाईची गरज इतरांपेक्षा जास्त. कातडीची पेशी जुनी झाली की गळून पडते, नवी येते. चेतापेशी विभाजित होत नाही. जन्मभर तीच पुरवायची, म्हणजे आत साठलेलं दोन नव्या पेशींत वाटून हलकं व्हायची सोयही नाही. त्यातून तिचा तंतू मैलोगणती नसला तरी पेशीच्या मानाने प्रचंड लांब. कचरा गुंडाळणाऱ्या बऱ्याचशा पिशव्या तयार होतात त्या तंतूच्या पार टोकाला, आणि लायसोसोमचा खरा जोर असतो पेशीच्या मुख्य भागात. मधला सगळा प्रवास सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून. हे रूळ स्थिर ठेवण्यात ज्या प्रथिनाचा हात असतो ते टाऊ. आणि अल्झायमरमध्ये गुंतवळ होऊन बसतं तेही टाऊच.

२००६ मध्ये जपानमधल्या दोन गटांनी उंदरांच्या चेतापेशींतून ऑटोफॅजीचं एकेक जनुक काढून टाकलं, एका गटाने एटीजी-५, दुसऱ्याने एटीजी-७. बाहेरून कुठलंही विष नाही, अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाचं जनुक घातलेलं नाही. तरी त्या उंदरांच्या चेतापेशींत प्रथिनांच्या गुठळ्या साचल्या, चाल बिघडली, पेशी मेल्या. म्हणजे काही वाईट घडवायची गरज नव्हती. रोजची साफसफाई थांबवली, एवढंच पुरलं.

इथून झाडांकडे वळणं स्वाभाविक होतं. उपासमार, व्यायाम यांनी ऑटोफॅजी वाढते. एमटॉर नावाचा एक लगाम ढिला केला तरी वाढते. (तो लगाम सापडला रॅपामायसिन या औषधामुळे, आणि रॅपामायसिन मिळालं ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जीवाणूतून. झाडाला सगळंच श्रेय द्यायचं कारण नाही.) रेझव्हेराट्रॉल, कर्क्युमिन, क्वेर्सेटिन, बर्बेरिन, फिसेटिन... पेट्रीडिशमधल्या पेशींवर टाकल्यावर ऑटोफॅजी वाढवणाऱ्या वनस्पतिजन्य रेणूंची यादी आता इतकी लांब झाली आहे की न वाढवणारा रेणू शोधणं हाच वेगळा प्रबंध होईल.

माणसांवरचे निकाल मात्र वेगळंच सांगतात. गिंकोची मोठी चाचणी अमेरिकेत झाली. पंच्याहत्तरी गाठलेले किंवा ओलांडलेले ३०६९ लोक, रोज दोनदा १२० मिलिग्रॅम. २००८ मध्ये निकाल आला: स्मृतिभ्रंश होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. रेझव्हेराट्रॉलची चाचणी ११९ रुग्णांवर, वर्षभर, २०१५ मध्ये छापली गेली. अमायलॉइडच्या काही मोजमापांत फरक दिसला, पण औषध घेणाऱ्यांच्या मेंदूचं आकारमान न घेणाऱ्यांपेक्षा जास्त घटलं होतं. ते चांगलं की वाईट यावर वाद घालता येतो, पण बाटलीवर छापण्यासारखं ते नक्कीच नाही. गव्हाच्या अंकुरात मिळणाऱ्या स्पर्मिडिनची चाचणी २०२२ मध्ये आली, १०० ज्येष्ठांवर, बारा महिने. स्मरणशक्तीत फरक नाही. कर्क्युमिनबद्दल २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने सगळ्या पुराव्याचा झाडा घेतला. १२० पेक्षा जास्त मानवी चाचण्या होऊनही दुहेरी अंध (कुणाला खरं औषध, कुणाला खोटं, हे रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही माहीत नसतं अशी), प्लासिबोशी म्हणजे खोट्या औषधाशी तुलना केलेली एकही चाचणी यशस्वी म्हणता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. शिवाय हा रेणू प्रयोगशाळेतल्या बऱ्याच चाचण्यांना फसवतो. तो स्वतः चमकतो, कशालाही चिकटतो, त्यामुळे जिथे परिणाम नाही तिथेही असल्यासारखा वाटतो.

याचं नेहमीचं स्पष्टीकरण म्हणजे 'शोषण होत नाही', आणि ते बरोबर आहे. डिशमध्ये रेणू थेट पेशीच्या अंगावर ओतता येतो. माणसात त्याला आतड्यातून, यकृताच्या तावडीतून आणि शेवटी रक्त-मेंदू अडसरातून जावं लागतं. कर्क्युमिन ग्रॅमच्या हिशेबात गिळलं तरी रक्तात उरतं ते नावापुरतं. म्हणून मग नॅनोकण, चरबीचे बुडबुडे, सुधारित रूपं. या कामाला मी नावं ठेवत नाही. पण मला वाटतं, शोषणाच्या अडचणीआड एक मोठी अडचण लपून राहिली.

संशोधक राल्फ निक्सन यांच्या गटाने २००५ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. सुजलेले चेतातंतू ऑटोफॅजीच्या पिशव्यांनी ठासून भरले होते. निरोगी मेंदूत अशा पिशव्या शोधाव्या लागतात, कारण त्या रिकाम्या होतात. इथे त्या आल्या होत्या आणि तशाच पडून होत्या. ओसुमींच्या यीस्टमध्ये दिसलं तेच, फक्त ते कुणी मुद्दाम घडवलेलं नव्हतं. २०१० मध्ये त्याच गटाने म्हटलं की प्रेसेनिलिन-१ हे जनुक, ज्यातल्या दोषाने तरुण वयात अल्झायमर होतो, लायसोसोम आम्ल ठेवायला लागतं. इतर काही प्रयोगशाळांना आम्लतेतला तो फरक सापडला नाही आणि बरीच वर्षं चकमक चालली. मग २०२२ मध्ये अल्झायमरच्या पाच वेगवेगळ्या प्रकारच्या उंदरांवर निक्सन यांच्या गटाने एक युक्ती केली. आम्लतेप्रमाणे रंग बदलणारी खूण चेतापेशींतच बसवली, म्हणजे कुठली पिशवी आम्ल आहे आणि कुठली नाही हे जागच्या जागी दिसावं.

दिसलं ते असं. पेशीबाहेर अमायलॉइडचा एकही थर जमायच्या आधी, जिवंत चेतापेशीच्या आत लायसोसोमची आम्लता उतरू लागते. न पचलेल्या पिशव्या अमायलॉइड घेऊन साचतात, फुगतात आणि केंद्रकाभोवती गर्दी करत पेशीचा पडदा बाहेर ढकलतात. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीला पाकळ्या फुटल्यासारखं दिसतं. संशोधकांनी त्याला 'पँथोस' म्हटलं, विषारी फूल. माणसांच्या मेंदूतही अशा पेशी आढळल्या. पेशी मेल्यावर आतलं जे उरतं त्यातून बाहेरचा थर तयार होतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे शंभर वर्षं ज्या थराकडे बोट दाखवलं, तो कदाचित थडगं होता. मला हे पटतं. पण हे सगळ्यांना मान्य नाही हेही सांगायला हवं. लेकानेमॅबसारखी औषधं थर धुऊन काढतात, आणि लेकानेमॅबने चाचणीत दीड वर्षात घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. तेव्हा थर अगदी निरुपद्रवी आहे असं म्हणायची सोय नाही.

आता त्या बाटलीचा दावा घ्या: चालना. चालना कुठल्या टप्प्याला? आतेभाऊ हुशार आहे, पण पेशीविज्ञानाशी त्याचा संबंध नाही, म्हणून त्याला मी एवढंच लिहिलं की मोरी तुंबलेली असताना नळ मोठा सोडून न्हाणी साफ होत नाही. पिशव्या आणखी तयार करवणारा रेणू दिला आणि लायसोसोम मात्र आम्ल नाहीच, तर त्या पिशव्या जाणार कुठे? आजार अगदी सुरुवातीला असेल, निचरा चालू असेल, तर चालना उपयोगी ठरू शकेल. उशिरा दिली तर त्याच रेणूने नुकसान होण्याचीही शक्यता आहे. 'पुनर्वापराला चालना' हे शब्द हा फरक पुसून टाकतात.

आणि दोष फक्त जाहिरातवाल्यांचा नाही. वनस्पतिजन्य रेणूंवरच्या निबंधांचा ढीग उपसताना एक गोष्ट सारखी टोचते. पिशव्या मोजण्यासाठी एलसी-३ नावाचं प्रथिन पाहतात. रेणू टाकला, एलसी-३ वाढलं, 'ऑटोफॅजी वाढली' असं लिहून मोकळे. पण एलसी-३ दोन कारणांनी वाढतं: पिशव्या जास्त बनल्या म्हणून, किंवा रिकाम्या झाल्या नाहीत म्हणून. याचा उत्तम नमुना क्लोरोक्विन. सिंकोनाच्या सालीतल्या क्विनीनच्या धर्तीवर बनवलेलं हे हिवतापावरचं औषध लायसोसोमची आम्लता घालवतं, निचरा बंद पाडतं, आणि एलसी-३ मात्र झकास वाढवून दाखवतं. नुसत्या त्या पट्टीवर निकाल लावला तर क्लोरोक्विन सर्वोत्तम ठरेल! म्हणून नीट काम करणारे लोक रेणूसोबत बॅफिलोमायसिनसारखा, निचरा बंद पाडणारा अडसर मुद्दाम घालून पाहतात. रेणूने खरोखर प्रवाह वाढवला असेल, तर अडसरानंतर साठा आणखी चढतो; आधीच अडलं असेल तर चढत नाही. फार अवघड प्रयोग नाही हा. तरी कितीतरी निबंधांत तो नसतो, आणि त्याच निबंधांच्या आधारे आढावे लिहिले जातात, आढाव्यांच्या आधारे लेबलं.

चांगलं काम कसं असतं तेही सांगते, नाहीतर हा सगळा तक्रारीचाच सूर होईल. युरोलिथिन-ए घ्या. डाळिंबात आणि अक्रोडात काही टॅनिनं असतात. आतड्यातले जीवाणू ती मोडून युरोलिथिन बनवतात. (सगळ्यांच्या आतड्यात ते जीवाणू नसतात. त्यामुळे दोघांनी एकच फळ खाल्लं तरी एकाला रेणू मिळतो, दुसऱ्याला नाही. 'वनस्पतीचा गुण' म्हणतो तो कधीकधी असा जीवाणूंच्या हातात असतो.) ओस्लोच्या इव्हँड्रो फँग आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं की रुग्णांच्या मेंदूत बिघडलेली मायटोकाँड्रिया उचलण्याचं काम मंदावलेलं असतं, आणि युरोलिथिन-ए दिल्यावर कृमींत आणि उंदरांत ते सुधारतं, स्मरणाच्या चाचण्याही सुधारतात. पण मला आवडला तो पुढचा भाग. त्यांनी कृमींतून मायटोकाँड्रिया उचलण्याला लागणारी जनुकं बंद केली आणि रेणू पुन्हा दिला. फायदा गेला. म्हणजे रेणू त्याच वाटेने काम करत होता, भलत्याच कुठल्या नाही. २०२२ मध्ये त्याच गटाने नैसर्गिक रेणूंचा मोठा संग्रह संगणकाकडून चाळून घेतला. त्यातून वर आलेले केम्फेरॉल आणि रॅपोंटिजेनिन कृमींत नि उंदरांत तपासले, तेव्हा अमायलॉइड आणि टाऊ दोन्ही उतरले.

कृमी आणि उंदीरच, हे खरं. उंदरांचा अल्झायमर शेकडो वेळा बरा झाला आहे. युरोलिथिन-एच्या माणसांवरच्या चाचण्या आधी झाल्या त्या सुरक्षितता आणि स्नायूंच्या ताकदीसाठी. त्यावरून मेंदूबद्दल काही बोलता येत नाही. आत्याला मी ते देणार नाही. तिचा आजार जिथे पोचला आहे तिथे निचऱ्याची काय अवस्था असेल, याचा मी फक्त अंदाज करू शकते, आणि तो अंदाज चांगला नाही.

खरी अडचण माझ्या मते रेणूंच्या टंचाईची नाहीच. जिवंत माणसाच्या मेंदूत अमायलॉइड आता पेट स्कॅनवर दिसतं, टाऊ दिसतं, रक्ताच्या तपासणीतही त्यांचा सुगावा लागतो. पण माझ्यासमोर बसलेल्या बाईच्या चेतापेशींतले लायसोसोम किती आम्ल आहेत, पिशव्या रिकाम्या होताहेत की साचताहेत, हे मोजणारी तपासणी कुठल्या रुग्णालयात लिहून मिळत नाही. उंदरात रंग बदलणारी खूण जनुकातून बसवता येते, माणसात नाही. त्यामुळे कुठल्याही वनस्पतिजन्य रेणूची मानवी चाचणी फसली की तो मेंदूत पोचलाच नाही, की पोचला पण उशिरा, की पोचून त्याने तुंबलेल्यात भर घातली, हे कळायला मार्ग राहत नाही. मग पुढची चाचणी नव्या पानाची, नव्या सालीची. संशोधनाचा निधी वाटायला मला कुणी बसवणार नाही, पण बसवलं तर पाच-दहा वर्षं नवे रेणू शोधणाऱ्यांना थांबा म्हणेन आणि सगळा पैसा ते मोजमाप शोधणाऱ्यांना देईन.